‘सापडली नाही’ आणि ‘उरली नाही’

दुर्मिळ प्राण्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते आणि ते आवडीने वाचलेही जाते. शाळेच्या फलकावर, हस्तलिखितात, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत ‘नामशेष होत चाललेले प्राणी’ हा विषय वर्षातून एकदा तरी येतोच. अशा लेखनात एक वाक्य बहुतेक ठरलेले असते : ‘हा प्राणी गेल्या इतक्या वर्षांत कोणालाही दिसलेला नाही, बहुधा तो नामशेष झाला असावा.’ वाक्य साधे आहे, नम्र आहे, ‘बहुधा’ आणि ‘असावा’ असे दोन टेकूही त्याला दिलेले आहेत. तरीही माझी तक्रार या वाक्याविरुद्धच आहे. त्याचा पूर्वार्ध माणसांविषयी आहे आणि उत्तरार्ध प्राण्याविषयी. पहिल्यातून दुसरा निघतो असे आपण धरून चालतो. तो केव्हा निघतो आणि केव्हा निघत नाही, हे तपासण्यासाठी एका बेटावरच्या सापसुरळीचे उदाहरण घेऊ.

सापसुरळी हा शब्द मुद्दाम वापरतो. इंग्रजीत ‘लिझर्ड’ या एका शब्दात जे प्राणी येतात त्यांना मराठीत एक नाव नाही. घरातली ती पाल, कुंपणावरचा तो सरडा, कड्यावरची ती घोरपड आणि पालापाचोळ्यात सुळकन नाहीशी होते ती तुकतुकीत अंगाची सापसुरळी. मुंबई-कोकणात हिलाच ‘सापाची मावशी’ म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या नाते थोडे दूरचे असले तरी नाव चुकीचे नाही. सापसुरळ्यांच्या कुळात पाय आखूड होत होत अजिबात नाहीसे झाल्याची उदाहरणे अनेक आहेत. अशी बिनपायांची सापसुरळी हाच आजचा विषय.

बारकुडा बेटाची गोष्ट

ओडिशाच्या किनाऱ्यावर चिलिका हे मचूळ पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या दक्षिण भागात खडकाळ बेटे आहेत. पूर्व घाटाच्या टेकड्यांची ही पाण्यावर राहिलेली डोकी. त्यांतले एक बारकुडा. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल चिलिकाच्या प्राणिसृष्टीचा अभ्यास करीत होते. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली, तिचे हे पहिले संचालक. १९१७ साली त्यांनी बारकुडा बेटावरच्या एका बिनपायांच्या सापसुरळीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती इतकी वेगळी वाटली की तिच्यासाठी त्यांनी नवी प्रजातीच कल्पिली आणि बेटाच्या नावावरून तिला ‘बारकुडिया’ म्हटले. जातीचे नाव ठेवले ‘इन्सुलॅरिस’, म्हणजे ‘बेटावरची’.

ही सापसुरळी वडाच्या मुळांच्या आसपास मऊ मातीत राहते. तिचे बहुतेक आयुष्य जमिनीखाली जाते. पाय नाहीत, डोळे बारीक. पाहणाऱ्याला ती वाळ्यासारखी किंवा मोठ्या गांडुळासारखी भासावी. १९१७ नंतर तिच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. १९७९ आणि २००३ या सालांच्या नोंदी सांगितल्या जातात. मूळ बेटावरून मात्र ती नाहीशी झाली असावी असा समज आहे.

लोकप्रिय लेखनात ही गोष्ट अशी येते : एक बेट, एक वड, एक शास्त्रज्ञ, एक विलक्षण प्राणी आणि मग शतकभराची शांतता. गोष्ट चटका लावणारी आहे. तिच्यातला एकेक तपशील खराही आहे. पण सगळे मिळून जे चित्र तयार होते ते तपासून घेतले पाहिजे. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप : ‘बेटावरची’ हे कोणी ठरवले?

जमिनीत राहणारा, पाय नसलेला प्राणी बेटावर पोचतो कसा? तो पोहून जाणार नाही. एखाद्या वाहत्या ओंडक्याबरोबर, मुळ्यांच्या गुंत्याबरोबर जाऊ शकेल. किंवा बेट जेव्हा बेट नव्हते, मुख्य भूमीला जोडलेले होते, तेव्हापासून तो तेथे असेल. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे. चिलिका हे भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचे सरोवर आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा बारकुडा ही किनाऱ्यापासून आत असलेली एक टेकडी होती. पाणी चढले, वाळूचा बांध तयार झाला आणि गेल्या काही हजार वर्षांत आजचे सरोवर आणि आजची बेटे निर्माण झाली.

सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये नवी जाती वेगळी होण्यासाठी बहुधा काही लाख वर्षे लागतात, अनेकदा त्याहून कितीतरी जास्त. मग काही हजार वर्षांच्या बेटावर केवळ त्या बेटापुरती जाती कशी निर्माण झाली? तसे झाले नसावे, हेच उत्तर अधिक संभवनीय आहे. म्हणजे ही सापसुरळी, किंवा तिचे अगदी जवळचे भाऊबंद, मुख्य भूमीवर असायला हवेत.

आणि ते आहेतच. तेथून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, विशाखापट्टणमच्या परिसरात, बिनपायांच्या सापसुरळ्या सापडतात. आज त्यांना ‘बारकुडिया मेलॅनोस्टिक्टा’ म्हणतात. या जातीचे पहिले वर्णन श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १८०१ मध्येच केले होते. गंमत अशी की १९५० च्या दशकात वॉल्टेअर येथील प्राणिशास्त्रज्ञांनी या सापसुरळ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनी नाव वापरले ते ॲनंडेलचेच, ‘बारकुडिया इन्सुलॅरिस’. म्हणजे ‘बेटावरची’ हे बिरुद घेऊन एक प्राणी भर शहरालगतच्या मातीत नांदत होता! पुढे या दोन जाती वेगळ्या मानल्या गेल्या. त्या मुळात एकच असाव्यात का, हा प्रश्न अभ्यासकांमध्ये आजही आहे.

प्रश्नाचे स्वरूप येथे कसे पालटते पाहा. दोन्ही जाती एकच ठरल्या तर ‘एका बेटावरची जगावेगळी जाती नष्ट झाली’ हे विधान राहणार नाही; ‘किनाऱ्यावर पसरलेल्या एका जातीची एक वसाहत दिसेनाशी झाली’ एवढेच उरेल. तेही वाईटच, पण ते वेगळे वाईट आहे. त्याची कारणे वेगळी, उपाय वेगळे. कारण जाती नष्ट झाली की नाही, या प्रश्नाआधी ‘जाती’ म्हणून आपण कशाला धरले आहे, हा प्रश्न येतो. लोकप्रिय लेख त्याला बगल देतात, कारण त्याने गोष्टीची धार जाते.

यात ॲनंडेल यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणी प्राणी सापडला त्यावरून नाव देणे ही रूढ पद्धत आहे. दोष वाचणाऱ्यांचा आहे. नमुना कोठे सापडला याची ती खूण होती. आपण ती प्राण्याची सरहद्द मानली. नाव बेटावरचे, म्हणून शोधही बेटावर, आणि बेटावर नाही म्हणून जगात नाही!

अशी फसगत आणखीही झाली आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील संग्रहालयात एक प्रचंड पाल पेंढा भरून ठेवलेली होती. लांबी सुमारे ६२ सेंटिमीटर. ती कोठून आली याची चिठ्ठी नव्हती. १९८६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि ती न्यूझीलंडची असावी असे ठरले. तेथील माओरी लोकांच्या कथांतल्या एका मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याशी तिचा संबंधही जोडला गेला. २०२३ मध्ये तिच्यातून मिळवलेल्या डीएनएच्या तपासणीत ती न्यू कॅलेडोनिया या भलत्याच बेटाची निघाली. मधली ३७ वर्षे ज्यांनी तिला न्यूझीलंडच्या रानात शोधले असेल, त्यांना ती मिळणार कशी? त्यांचे ‘नाही’ खरे होते, पण ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होते.

आपल्या महाराष्ट्रातला रानपिंगळा तर सर्वांना माहीत आहे. १८८४ नंतर तो खात्रीने दिसलाच नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना दाखवला होता. तो चोरीचा होता. मूळ जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. या चिठ्ठीने नंतरच्या शोधकांना चुकीच्या जागी नेले. ती बाजूला सारून पॅमेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पक्षी कोठे गेला नव्हता. आपण तेथे गेलो नव्हतो.

दुसरा आक्षेप : किती शोधले, हे कोण सांगणार?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या व्याख्येनुसार, जातीतला शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरली नसेल तेव्हाच ती जाती नामशेष समजायची. त्यासाठी तिच्या ज्ञात आणि संभाव्य अधिवासात, दिवसाच्या व वर्षाच्या योग्य वेळी, पुरेसा कसून शोध झालेला असावा लागतो. ‘शेवटची नोंद अमुक साली’ एवढ्याने भागत नाही. त्या सालापासून आजवर कितींदा, कोणत्या महिन्यात, कोणत्या पद्धतीने शोध झाला, हे सांगायला हवे. शंभर वर्षे कोणी फिरकलेच नसेल तर शंभर वर्षांच्या ‘दिसली नाही’ला काही वजन नाही.

हा मुद्दा वर्गात करून दाखवता येतो. एका पिशवीत एकाच आकाराचे दहा मणी घ्या; नऊ पांढरे, एक लाल. लाल मणी म्हणजे आपली सापसुरळी. प्रत्येक मुलाने न पाहता एक मणी काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा. असे दहा वेळा. दहा वेळांत लाल मणी एकदाही न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण चौदा मुले वहीत ‘लाल मणी नाही’ असे लिहितील. मणी तर पिशवीत आहे! आता प्रत्येकाला तीस वेळा काढू द्या. शक्यता ०.०४ वर येईल. एखाद-दुसरेच मूल फसेल.

मग पिशवीत शंभर मणी आहेत आणि लाल एकच, असे धरा. दर खेपेला शक्यता शंभरात एक. फसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आणण्यासाठी सुमारे तीनशे वेळा मणी काढावे लागतील. जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत शंभरात एक हा अंदाजही उदार म्हणावा लागेल. तीनशे खेपा करण्याइतका वेळ, पैसा आणि चिकाटी कोणत्या सापसुरळीच्या वाट्याला येते? चित्ता दिसेनासा झाला हे देशाला कळले, १९५२ मध्ये तसे जाहीरही झाले. चित्ता मोठा, उघड्यावर वावरणारा आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या वह्यांत नोंदलेला. आपल्या पाठांमधली नामशेष प्राण्यांची उदाहरणे पाहा. डोडो काय, चित्ता काय, सगळे असेच ठळक प्राणी. त्यावरून मुलांचा समज होतो की ‘नाही’ ओळखणे सोपे असते. लहान, मातीत दडलेल्या जीवांच्या बाबतीत ते अतिशय कठीण असते.

मण्यांच्या खेळात एक खोच आहे, तीही मुलांना सांगावी. दर खेपेची शक्यता सारखीच राहील असे आपण धरले आहे. निसर्गात तसे नसते. याचा धडा मी स्वतः मनोरीला शिकलो.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मुंबईच्या किनाऱ्यावरचे सरपटणारे प्राणी नोंदवण्याचे एक काम मी हाती घेतले होते. मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याला जुने लोक धारावी बेट म्हणतात. तेथे मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, आणि तिन्ही वेळा बोट गाठून पोचेपर्यंत ऊन चढलेले. वाडीतले दगड उलथले, पालापाचोळा चाळला. सापसुरळीची एक नेहमीची जात दिसली. आखूड पायांच्या, मातीत राहणाऱ्या जातीपुढे मी वहीत ‘नाही’ असे लिहिले आणि खाली ठळक रेघ मारली.

जुलैमध्ये दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. विहिरीजवळ एक वयस्क बाई भिजलेल्या झावळ्या आणि नारळाची सोडणे बाजूला करीत होत्या. त्यांनी मला हाक मारली. सोडणांखाली बोटाएवढा, लालसर शेपटीचा, चकचकीत जीव वळवळत होता. मी म्हणालो, “सापाचं पिल्लू दिसतंय.” त्या म्हणाल्या, “साप नाय रे पोरा. बारके पाय हायेत, बघ नीट.” पाय होते. मी ‘नाही’ लिहिलेली जात ती हीच. त्या बाईंना ती दर पावसाळ्यात दिसत होती.

माझ्या तीन खेपा म्हणजे तीन पुरावे नव्हते. मे महिन्याच्या दुपारी कोरड्या, तापलेल्या जमिनीत हा प्राणी खोल गेलेला असतो. तशा शंभर खेपा केल्या असत्या तरी शक्यता शून्याच्या आसपासच राहिली असती. शून्याला शंभराने गुणून काही हाती लागत नाही. आणि ज्यांना माहीत होते त्यांना मी विचारलेच नव्हते.

एक गोष्ट आणखी. माझ्यासारख्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर तो साप वाटला, तर इतरांना तसे वाटून किती सापसुरळ्या काठीखाली आल्या असतील? बिनपायांच्या जातीचे तर विचारायलाच नको. ज्या प्राण्याला लोक वाळा समजतात त्याची नोंद सापसुरळी म्हणून होणार नाही. न दिसणे आणि न ओळखणे यांतही फरक आहे.

तिसरा आक्षेप : मग ‘नामशेष’ म्हणायचेच नाही का?

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग कोणालाच नामशेष म्हणू नये; आशा सोडू नये. रानपिंगळा सापडला, तशी सापसुरळीही सापडेल. पूर्व घाटातल्या जेपूर परिसरातली एक पाल बेडोम यांनी १८७८ साली वर्णन केल्यानंतर हरवलेली होती. ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी सापडल्याचे टिपण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्यांत आपले वरद गिरीही होते. अशा बातम्या वाचून मन प्रसन्न होते. पण पुनर्शोधाच्या गोष्टींचा गोडवा हाही एक धोका आहे, आणि माझा तिसरा आक्षेप या दुसऱ्या टोकावर आहे.

जावाच्या दक्षिणेला सुमारे ३५० किलोमीटरवर ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले ख्रिसमस बेट आहे. तेथे पाली आणि सापसुरळ्यांच्या पाच मूळ जाती होत्या. १९७० च्या दशकात त्या सर्रास दिसत. १९८० च्या दशकात तेथे बाहेरून एक साप पोचला. आपल्या घरात पालींच्या मागावर येणाऱ्या कवड्याचाच भाऊबंद. त्याच्या सोबतीला बाहेरून आलेल्या गोमा आणि मुंग्या होत्याच. पुढच्या वीस वर्षांत पाचांपैकी चार जाती रानातून दिसेनाशा होत गेल्या. आधी एका भागातून, मग दुसऱ्या. ‘दुसरीकडे असतील’ असे म्हणण्याला जागा होती. २००९-१० च्या सुमारास उरलेले प्राणी पकडून बंदिस्त जागेत वाढवण्याचे ठरले. दोन जातींच्या बाबतीत हे वेळेत झाले. त्या आज माणसाच्या देखरेखीखाली का होईना, आहेत. रानसापसुरळीच्या वाट्याला मात्र तीन माद्याच हाती लागल्या. नर मिळालाच नाही. शेवटची मादी, ‘गम्प’ हे तिचे नाव, ३१ मे २०१४ रोजी मेली. २०१७ मध्ये ही जाती नामशेष म्हणून जाहीर झाली.

येथे अधिक पुराव्याची वाट पाहणे महाग पडले. म्हणजे चुका दोन प्रकारच्या होतात. असलेल्याला ‘नाही’ म्हटले तर त्याच्या वाट्याचे लक्ष, पैसा आणि संरक्षण काढून घेतले जाते. वडाखालची माती खणायला मोकळी होते. नसत चाललेल्याला ‘असेल कोठेतरी’ म्हटले तर वाचवायची वेळ निघून जाते. आरोग्य तपासणीतही असेच असते : रोग्याला निरोगी ठरवणे आणि निरोग्याला रोगी ठरवणे. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक अधिक महाग, हे पाहून पाऊल टाकावे लागते. ‘नामशेष’ हे निरीक्षण नसून निर्णय आहे, तो अशा अर्थाने. मरण पाहिलेले कोणी नसते. पुरावा आणि परिणाम तोलून ते जाहीर करावे लागते.

म्हणूनच ‘गंभीर धोक्यात, कदाचित नामशेष’ अशी मधली पायरी त्या संघाने ठेवली आहे, आणि ‘माहिती अपुरी’ अशी वेगळी पायरीही. या दोहोंतला फरक मुलांना अवश्य सांगावा. पहिलीत आपण शोधले आहे आणि काळजीत आहोत. दुसरीत आपण अजून नीट शोधलेलेच नाही. लोकप्रिय लेख दोन्ही एकाच ‘बहुधा नामशेष’मध्ये कोंबतात. बारकुडाच्या सापसुरळीचे मला जे वाचायला मिळाले, त्यावरून तिची जागा काळजीपेक्षा अज्ञानाच्या पायरीजवळ आहे असे माझे मत आहे. ते चुकीचे ठरू शकते. पण ते चूक की बरोबर हे बेटाकाठच्या मुख्य भूमीवर, पावसाळ्यात, वडांखाली, तेथल्या लोकांना विचारून शोध केल्यावरच कळेल. अजून एक लेख लिहून नव्हे.

वर्गात काय करता येईल

पुढच्या वेळी ‘बहुधा नामशेष’ असे वाक्य वाचनात आले की मुलांना चार प्रश्न विचारायला सांगावेत. शोध कोणी, कोठे आणि कितींदा केला? तो ऋतू आणि ती वेळ प्राण्याच्या सवयींना जुळणारी होती का? प्राणी तेथे असता तर त्या पद्धतीने तो सापडला असता का? आणि तो दुसरीकडे असण्याची शक्यता कोणी तपासली? उत्तरे लेखात नसतील तर ‘लेखात नाहीत’ असे लिहावे. मुलांना टीका करायला शिकवण्याचा हा चांगला मार्ग आहे. तिला शिष्टपणा लागत नाही, प्रश्न लागतात.

दुसरा उपक्रम वर्षभराचा आहे. शाळेच्या आवारातला किंवा गावातला एक ठरावीक तुकडा निवडावा. वडाखालचा पार, विहिरीचा काठ, कुंपणाकडेची पडीक जागा. महिन्यातून दोनदा, सकाळी, अर्धा तास तेथे जावे. पाल, सरडा, सापसुरळी जे दिसेल ते नोंदवावे. आणि काही दिसले नाही तरी तारीख, वेळ, हवामान, किती जण होते, किती वेळ पाहिले हे लिहून पुढे ‘दिसले नाही’ असे नोंदवावे. आपल्याकडे ही ओळ गाळण्याची सवय आहे. रिकाम्या हाताने परतलो तर वही उघडतच नाही. पण वर्षअखेरीस जी किंमत असते ती याच ओळींना. ‘चोवीस खेपांपैकी जून ते सप्टेंबरच्या आठ खेपांत पाच वेळा दिसली, उरलेल्या सोळांत एकदाही नाही’ असे वाक्य मुलांना स्वतः लिहिता आले, तर ‘नाही’ या शब्दाला अट असते हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. काळजी एवढीच, की हात घालून उकरू नये, काहीही पकडू नये आणि बाजूला केलेला दगड जसाच्या तसा परत ठेवावा. त्याखाली साप किंवा विंचू असू शकतो, आणि काहीच नसले तरी ते कोणाचे तरी घर असते.

ज्यांची शाळा मनोरी, गोराई, उत्तन किंवा बोरिवली परिसरात आहे, त्यांना आणखी एक प्रश्न हाताळता येईल. खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे दिसणाऱ्या सापसुरळ्या एकच आहेत का? समुद्र खाली होता तेव्हा हे बेट आणि बोरिवलीच्या टेकड्या एकाच जमिनीचे भाग होते. तेव्हा त्या एकच असाव्यात, असा अंदाज आधी वहीत लिहून ठेवावा आणि मग दोन्ही काठांच्या शाळांनी आपापल्या याद्या वर्षअखेरीस एकमेकींशी ताडून पाहाव्यात. एका काठावरची जात दुसऱ्या यादीत नसेल, तर ‘बेटावर नाही’ असे लिहिण्याआधी त्या काठावरच्या खेपा मोजाव्यात आणि त्या कोणत्या महिन्यातल्या आहेत ते पाहावे.

माझी ती जुनी वही अजून माझ्याकडे आहे. ‘नाही’खालची ठळक रेघ मी खोडलेली नाही, शेजारी तारखांसह लिहिले आहे : ‘मे महिन्यात, दुपारी, तीन खेपांत दिसली नाही.’ मी पाहिले होते ते एवढेच.